जात लिहू की प्रकार? : एका संगणकभाषेतील वर्ग-वारशाचा इतिहास

रिसोड तालुक्यातील रिठद या गावचा एक माजी विद्यार्थी दोन उन्हाळ्यांपूर्वी घरी आला. अकरावी-बारावीत तो माझ्याकडे मराठी शिकला, पुढे संगणकशास्त्राकडे वळला आणि पुण्यात नोकरीला लागला. गावातल्या शाळकरी मुलांसाठी पायथन या संगणकभाषेची एक छोटी मराठी पुस्तिका तो लिहीत होता. पहिल्या प्रकरणातच त्याचे घोडे अडले होते. ‘टाइप’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे, हे विचारायला तो आला होता. “सर, जात लिहू की प्रकार?”

मी मराठीचा अध्यापक. क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “जात लिही. शब्दांच्या जाती म्हणतोच की आपण.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आपल्या वऱ्हाडीत म्हणाला, “लेकराईले पयल्याच पानावर जात नाही दाखवाव वाटत, सर.”

मी वीस वर्षे फळ्यावर ‘शब्दांच्या जाती’ हे शीर्षक लिहीत आलो आहे. त्या शीर्षकातला पहिला शब्द मी नेहमी ऐकला होता. दुसरा कधी ऐकलाच नव्हता, हे त्या दिवशी कळले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचन झाले, त्यातून हा लेख उभा राहिला आहे. एखादी गोष्ट ‘कोणत्या वर्गात जन्मली’ यावरून ओळखायची की ‘काय करू शकते’ यावरून, हा प्रश्न संगणकभाषांच्या इतिहासात गेली साठ-सत्तर वर्षे वादाचा राहिला आहे. मराठी व्याकरणात तो त्याहून जुना आहे. समाजातले त्याचे वय सांगण्याची गरज नाही.

* * *

प्रथम ‘टाइप’ म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या स्मृतीत केवळ शून्य आणि एक यांच्या रांगा असतात. तीच रांग कधी पासष्ट हा आकडा असते, कधी रोमन लिपीतील पहिले मोठे अक्षर. रांगेकडे पाहून हा भेद कळत नाही. तिच्यावर कोणती क्रिया करणे अर्थपूर्ण आहे आणि कोणती निरर्थक, हे वेगळे सांगावे लागते. हे सांगणे म्हणजे टाइप, आणि ‘आकड्यात नाव मिळवू नका’ असे वेळीच बजावणे म्हणजे टाइपची तपासणी. मराठी बोलणारा माणूस अशी तपासणी क्षणोक्षणी करीत असतो. ‘मुलगा आली’ असे कोणी म्हटले की व्याकरण न शिकलेली आजीही चमकून वर पाहते.

या कल्पनेचे तात्त्विक मूळ गणितात आहे. बर्ट्रांड रसेल यांना १९०१ मध्ये समूहांच्या सिद्धांतात एक विसंगती सापडली. स्वतःचा सभासद नसलेल्या सर्व समूहांचा मिळून जो समूह होईल, तो स्वतःचा सभासद असेल की नसेल? ‘हो’ म्हटले तरी फसगत, ‘नाही’ म्हटले तरी फसगत. यातून सुटण्यासाठी त्यांनी वस्तूंच्या पायऱ्या कल्पिल्या : वरच्या पायरीवरील गोष्टीविषयी जे बोलता येते, ते खालच्या पायरीवरील गोष्टीविषयी बोलणे खोटे नव्हे, तर निरर्थकच मानायचे. १९०३ मध्ये या विचाराचा आराखडा आणि १९०८ मध्ये विस्तार प्रसिद्ध झाला. पुढे १९४० मध्ये अलोन्झो चर्च यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले.

संगणकाच्या व्यवहारात मात्र टाइप फार साध्या रूपात आला. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये घडविलेली फोरट्रॅन ही भाषा १९५७ मध्ये बाहेर पडली. तिच्यात नियम असा होता, की ज्या नावाचे आद्याक्षर रोमन लिपीतील आय ते एन या सहा अक्षरांपैकी असेल, त्यात पूर्णांक ठेवायचा. इतर नावांत अपूर्णांकासह संख्या. नाव वाचले की प्रकार कळला! हा नियम वाचताना मला हसू आले आणि पाठोपाठ ते थांबले. नव्या माणसाची ओळख झाल्यावर “आडनाव काय आपलं?” हा प्रश्न आपण कशासाठी विचारतो, हे आपल्याला ठाऊक असते. फोरट्रॅनचा हेतू निरुपद्रवी होता. परंतु नावावरून काढलेले अनुमान चुकते, आणि चुकले तरी कोणी सांगत नाही, हा अनुभव त्या भाषेच्या वापरकर्त्यांनाही आला. ‘नावावरून काही गृहीत धरू नये’ असे लेखनाच्या आरंभीच बजावण्याची सोय पुढे त्याच भाषेत करावी लागली.

* * *

‘वर्ग’ आणि ‘वारसा’ या कल्पना नॉर्वेतून आल्या. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात क्रिस्टन निगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे प्रत्यक्ष जगातील व्यवहारांच्या प्रतिकृती संगणकावर उभारण्याची भाषा घडवीत होते. त्यांच्या आठवणींत एका पुलावरील टोलनाक्याचे उदाहरण येते. नाक्यावर वाहनांची रांग आहे. काही मालमोटारी, काही प्रवासी गाड्या. रांगेत उभे राहणे, पुढे सरकणे, पैसे भरणे ही कामे सर्वांना समान. माल किती, प्रवासी किती हे वेगवेगळे. जे समान आहे ते प्रत्येकासाठी नव्याने का लिहायचे? ‘वाहन’ असा एक सामान्य वर्ग एकदा लिहावा, आणि मालमोटारीचा वर्ग त्याच्या पुढे जोडून केवळ वेगळेपण तेवढे सांगावे, हा विचार त्यांना सुचला. त्यात टोनी होअर यांच्या लेखनाचाही वाटा होता. यातून १९६७ मध्ये सिम्युला ही भाषा आकाराला आली आणि ‘क्लास’ हा शब्द संगणकाच्या परिभाषेत रुजला. या कामगिरीसाठी २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला. २००२ मध्ये दोघेही निवर्तले.

रिठदच्या परिसराला ‘वर्ग’ आणि ‘वारसा’ हे शब्द परके नाहीत. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली तेथे सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन, त्याचा पुत्र विंध्यशक्ती अशी वारशाची साखळी कोरलेली आहे. आजच्या गावात हीच साखळी तलाठ्याच्या दप्तरात, वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत आणि फेरफारात असते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. वर्ग एकची जमीन धारकास हस्तांतरित करता येते. वर्ग दोनच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. माझ्या विद्यार्थ्याच्या घरची जमीन वर्ग दोनची. त्याने मला सांगितले, की क्लास म्हणजे काय हे त्याला महाविद्यालयातील व्याख्यानाने नव्हे, तर सातबाऱ्याने समजले होते : तीच काळी माती, तेच सोयाबीन, तीच तूर, पण कागदावरील वर्गावरून तिच्याबाबत काय करता येईल आणि काय नाही हे ठरते. आजोबांकडून वडिलांकडे जमीन आली ती तिच्या निर्बंधासह आली. वर्गाची याहून चांगली व्याख्या मला पाठ्यपुस्तकात आढळली नाही.

अर्थात हे रूपक एका मर्यादेपर्यंतच चालते. कायद्यातील वारसा कोणाच्या तरी मृत्यूनंतर उघडतो आणि वारसांत वाटला जातो. संगणकभाषेत मूळ वर्ग जिवंतच असतो आणि कितीही वारस झाले तरी प्रत्येकाला सारेच मिळते. हिस्से पडत नाहीत, म्हणून भाऊबंदकीही नाही. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. येथे बाप मुलाला जन्म देत नाही; मूलच ‘मी अमक्याचा वारस’ असे जाहीर करते. बापाला त्याची वार्ताही नसते. जन्माच्या भाषेत सांगितली जाणारी ही गोष्ट वस्तुतः निवडीची आहे.

निवड आली की चुकीची निवडही आली. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मधील एका व्याख्यानात ती ओळखण्याची कसोटी मांडली. तिचा आशय असा, की जेथे मूळ वर्गातील वस्तू चालते, तेथे वारस वर्गातील वस्तू ठेवली तर व्यवहार बिघडता कामा नये. भूमितीत प्रत्येक चौरस हा आयतच असतो. पण ‘आयताची लांबी वाढवली तरी रुंदी तीच राहते’ असे गृहीत धरून कोणी काम करीत असेल, तर तेथे चौरस ठेवताच घोटाळा होतो. नाते खरे असूनही वारस अपात्र ठरू शकतो. घराण्याचे नाव आणि घराण्याचे काम यांतील हे अंतर मराठी कादंबरीच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

* * *

आता पायथनकडे वळू. ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत काम करणाऱ्या खिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत ही भाषा लिहावयास घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती सार्वजनिक झाली आणि तीत वर्ग व वारसा ही सोय होती. पायथनमध्ये नावाला प्रकार नसतो. नावाने ज्या वस्तूकडे निर्देश केला, तिला असतो. एकाच नावाने आत्ता आकडा दाखवावा, घटकेने वाक्य दाखवावे. फोरट्रॅनच्या नेमके उलट.

अशा भाषेत ‘ही वस्तू कोण?’ असे विचारण्याचे दोन मार्ग आहेत, आणि नवशिक्याची पहिली ठेच येथेच लागते. समजा ‘जमीन’ असा एक वर्ग आहे आणि ‘ओलीत’ व ‘कोरडवाहू’ हे त्याचे वारस वर्ग. (पायथनच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून अशी देवनागरी नावे थेट चालतात, केवळ भाषेचे स्वतःचे राखीव शब्द रोमन लिपीत राहतात. रिठदच्या पुस्तिकेचा सारा भर याच सोयीवर आहे.) एका ओलिताच्या तुकड्याविषयी ‘टाइप’ या साधनाने विचारले, तर उत्तर मिळते : ओलीत. म्हणून ‘याचा टाइप जमीन आहे का?’ अशी काटेकोर तुलना केली तर उत्तर ‘नाही’ येते. हे साधन फक्त शेवटची पायरी पाहते. दुसरे साधन ‘इझ-इन्स्टन्स’. ते वंशावळ चढून जाते आणि ‘होय, ओलीत ही जमीनच’ असे सांगते. एकाला फक्त स्वतःचे नाव कळते, दुसऱ्याला कूळ कळते. जाणते लोक बहुधा दुसरे साधन वापरा असे सांगतात. कारण पहिल्या तुलनेत उद्या नव्याने जन्मणाऱ्या वारसांसाठी दार बंद होते.

पण कूळ पाहण्यातही गंमत आहे. २००३ च्या पायथन २.३ या आवृत्तीत ‘खरे’ आणि ‘खोटे’ या दोन मूल्यांना स्वतःचा वर्ग मिळाला. जुन्या प्रोग्रामांत लोक त्यांच्या जागी एक आणि शून्य वापरीत असत. ते सारे मोडू नये म्हणून हा नवा वर्ग पूर्णांकाचा वारस करण्यात आला. परिणामी पायथनमध्ये आजही खरे अधिक खरे बरोबर दोन होतात, आणि ‘खरे ही पूर्णांक संख्या आहे का?’ असे इझ-इन्स्टन्सला विचारले तर ते ‘होय’ म्हणते. वंशावळीत सत्यापेक्षा सोय अधिक असू शकते, याचा हा उत्तम दाखला. वंशावळी लिहून घेणाऱ्या आपल्या जुन्या घराण्यांना याचे नवल वाटले नसते.

यावर पायथनकारांतील एका मोठ्या गटाचे म्हणणे असे, की मुळात विचारताच कशाला? २००० साली ॲलेक्स मार्टेली यांनी पायथनच्या चर्चागटात बदकाचा दृष्टान्त दिला. समोरचा पक्षी बदकासारखा चालतो, बदकासारखा ओरडतो एवढे आपल्या कामाला पुरे असेल, तर तो कोणाच्या अंड्यातून निघाला याची चौकशी करू नये. हाच विचार पुढे ‘डक टायपिंग’ या नावाने रूढ झाला. वस्तूला काम सांगावे; जमले तर उत्तम, न जमले तर ती तसे कळवील. माझ्या विद्यार्थ्याच्या शब्दांत : “हे भाषा जात नाही विचारत, काम जमते का तेवढंच पाहाते.”

* * *

हे ऐकताना मला आपला व्याकरणाचा तास आठवला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. शालेय व्याकरणात स्थिरावलेल्या शब्दांच्या आठ जातींचा आराखडा ग्रीक-लॅटिन परंपरेतून इंग्रजीमार्गे आलेला आहे. आपल्या जुन्या परंपरेत आठ नव्हते. यास्काने चार मानले : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने पदांचे दोनच भेद केले, आणि तेही शब्दाला कोणते प्रत्यय लागतात यावरून. अर्थ विचारला नाही, मूळ विचारले नाही. शब्द कोणता प्रत्यय स्वीकारतो तेवढे पाहिले.

मराठीत तर शब्द पदोपदी आपली जात ओलांडतात. ‘शहाण्याला शब्दांचा मार’ या म्हणीत ‘शहाणा’ हे विशेषण थेट नामाचे काम करते आणि नामासारखी विभक्ती घेते. ‘तो मागे बसला’ यात ‘मागे’ हे क्रियाविशेषण आहे. ‘घरामागे विहीर आहे’ यात तेच शब्दयोगी होते. विद्यार्थी विचारतात, “सर, मग याची खरी जात कोणती?” आणि आपण सांगतो, की शब्दाची जात त्याच्या वाक्यातील कार्यावरून ठरते. म्हणजे आपण शीर्षक ‘जाती’ असे लिहितो आणि खाली जे शिकवितो ते जातीच्या कल्पनेच्या विरुद्ध असते! अरविंद मंगरूळकरांनी १९६४ च्या ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या पुस्तकात उसन्या चौकटींवर बोट ठेवले. कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी १९८७ च्या ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ मध्ये हा विचार पुढे नेला. चौकट आधी आणि भाषा नंतर, की भाषा आधी, असा तो वाद होता. तो अद्याप मिटलेला नाही.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर एका मोहापासून सावध राहायला हवे. ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ हा तो मोह. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज यांनी संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी एक लेख लिहिला, आणि त्यावरून ‘नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरविले’ अशी वदंता आजतागायत फिरते. तिला आधार नाही. पाणिनीने संगणक कल्पिला नव्हता. मात्र नियम मोजक्या शब्दांत कसे बांधावेत, सामान्य नियम खालच्या नियमांत कसा उतरावा आणि विशेष नियमाने त्याला कोठे थांबवावे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढेही आहे. १९६७ मध्ये, म्हणजे सिम्युलाच्याच वर्षी, पीटर इंगरमन यांनी बॅकस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याकरणलेखन-पद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे असे सुचविले होते, ते या साम्यामुळेच.

हे साम्य एका ठिकाणी विशेष ठळक होते. पायथनमध्ये एका वर्गाला दोन मूळ वर्ग असू शकतात. ‘व्यक्ती’ या वर्गाचे ‘शिक्षक’ आणि ‘शेतकरी’ असे दोन वारस, आणि त्या दोघांचा मिळून एक वारस : ‘शिक्षक-शेतकरी’. आमच्या भागात असे वर्ग पुष्कळ. समजा ‘सकाळचे काम’ व्यक्तीच्या वर्गात सर्वसाधारण लिहिले आहे. शिक्षकाने त्यात काही बदल केला नाही, पण शेतकऱ्याने आपले वेगळे लिहिले. मग शिक्षक-शेतकऱ्याने सकाळी काय करावे? पायथनच्या जुन्या रीतीप्रमाणे आधी शिक्षक, मग शिक्षकाचा मूळ वर्ग व्यक्ती, आणि त्यानंतर शेतकरी असा शोध चाले. म्हणून व्यक्तीचे सर्वसाधारण उत्तर आधी सापडे आणि शेतकऱ्याचे विशेष उत्तर वाया जाई. डिसेंबर २००१ मधील २.२ या आवृत्तीत अंगभूत प्रकार आणि वापरकर्त्याने लिहिलेले वर्ग यांच्यातील जुनी भिंत पाडण्यात आली, आणि हा शोधक्रमही सुधारण्यात आला. २००३ मध्ये २.३ आवृत्तीने डिलन या भाषेच्या अभ्यासातून आलेला ‘सी-थ्री’ हा क्रम स्वीकारला. त्याचे सूत्र सोपे आहे : वारस नेहमी मूळ वर्गाच्या आधी, मूळ वर्ग ज्या क्रमाने सांगितले तो क्रम मोडायचा नाही, आणि असा क्रम लागतच नसेल, तर तो वर्ग जन्मालाच येऊ द्यायचा नाही.

विशेषाने सामान्याला बाजूला सारावे, हे संस्कृत वैयाकरणांच्या उत्सर्ग-अपवाद विचाराचे सार आहे. मूळचे महाराष्ट्रीय असलेले काशीचे पंडित नागोजीभट्ट यांनी ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात दोन नियम एकाच वेळी लागू झाले तर कोणता बलवान, याची पायरीवार चर्चा केली आहे. नंतर सांगितलेला नियम, नित्य नियम, अंतरंग नियम आणि अपवाद, अशी चढती भाजणी. सर्वांत वर अपवाद. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ या काळात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी हा ग्रंथ इंग्रजीत आणला. २००३ चा निर्णय घेणाऱ्यांनी नागोजीभट्टांना वाचले असण्याचे कारण नाही. तरीही दोन्ही ठिकाणी विवेक एकच आहे : घराण्याचे सामान्य वळण कितीही जुने असो, वारसाने स्वतः केलेली भर त्याच्या आधी ऐकली पाहिजे.

* * *

येथवर वाचून वाटेल, की ‘काम पाहा, कूळ पाहू नका’ हा पक्ष निर्विवाद जिंकला. तसे झाले नाही, आणि इतिहासाचा उत्तरार्ध यासाठीच महत्त्वाचा आहे. प्रोग्राम लहान असतो तेव्हा बदकाचा दृष्टान्त गोड वाटतो. पण शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या मोठ्या प्रोग्राममध्ये चूक उघडकीस येते ती काम चालू असताना, बहुधा रात्री, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. तोंडी विश्वासावर चार घरांची वस्ती चालते. गाव मोठे झाले की कागद लागतो.

पहिला उपाय २००८ मध्ये २.६ आणि ३.० या आवृत्त्यांबरोबर आला : अमूर्त मूळ वर्ग. त्यात एक विलक्षण सोय आहे. एखाद्या वर्गाने वारसा घेतलेला नसला, तरी मूळ वर्गाकडे नोंद करून त्याला वारस म्हणून जाहीर करता येते. त्यानंतर इझ-इन्स्टन्सला विचारा, ते ‘होय’ म्हणते. हे दत्तकविधानच! फरक एवढा, की या दत्तकाला नाव मिळते, इस्टेट मिळत नाही. मूळ वर्गातील कोणतीही क्रिया त्याच्या वाट्याला येत नाही. विदर्भाच्या वाचकाला याची उलट बाजू आठवेल. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले औरस पुत्राविना वारले. डलहौसीच्या सरकारने दत्तकाचा हक्क मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. नोंदीला कोण मान्यता देतो, यावर तेव्हा राज्य अवलंबून होते.

दुसरा उपाय अधिक दूरगामी ठरला. युक्का लेहतोसालो हे केंब्रिज येथे संशोधन करीत असताना टाइप तपासणारे ‘मायपाय’ नावाचे साधन घडवीत होते. त्यांच्या सहकार्याने व्हान रॉसम आणि लुकाश लांगा यांनी एक प्रस्ताव मांडला, आणि सप्टेंबर २०१५ च्या ३.५ आवृत्तीत तो उतरला. क्रिया लिहिताना ‘येथे आकडा अपेक्षित आहे, परत वाक्य मिळेल’ असे लिहून ठेवायचे. पायथन स्वतः काम करताना या लिखिताची सक्ती करीत नाही. वेगळे साधन ते आधी वाचून विसंगती दाखवते. लिहायचे की नाही, हेही ऐच्छिक. ज्या कंपनीत व्हान रॉसम काम करीत होते, त्या ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये आपल्या सुमारे ४० लाख ओळींची अशी तपासणी होत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या ३.८ आवृत्तीने बदकालाही लिखित मान्यता दिली : ‘ज्याला पोहता येते असे कोणीही’ अशी अट आता आधी लिहिता येते, कूळ तरीही विचारले जात नाही.

याच वळणाचे काम आपल्या जवळही झाले आहे. प्रभू रामचंद्रन हे आयआयटी मुंबईचे एरोस्पेसचे प्राध्यापक. शास्त्रीय माहितीचे त्रिमितीय चित्र उभे करणारे ‘मायावी’ हे त्यांचे सॉफ्टवेअर जगभर वापरले गेले. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा पाया ‘ट्रेट्स’ नावाच्या ग्रंथालयावर आहे. त्यात वस्तूच्या प्रत्येक गुणाने आपण काय धारण करणार हे आधी सांगायचे असते. भलते काही ठेवू गेल्यास तेथेच नकार मिळतो. ऐच्छिक टाइप-लेखन भाषेत येण्यापूर्वीच ही गरज कोणाला तरी जाणवली होती. त्याच संस्थेतील फॉसी प्रकल्पाने महाविद्यालयांत पायथनचा प्रसार केला, तर स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलते केले. रिठदच्या पुस्तिकेला हे दोन वडीलधारे आहेत.

* * *

आता मूळ प्रश्नाकडे. या इतिहासात टाइपची दोन रूपे दिसतात. एक वरून चिकटवलेले : फोरट्रॅनच्या आद्याक्षरासारखे, वस्तूला न विचारता ठरविलेले. दुसरे स्वतः लिहून दिलेले : ‘मी एवढे घेईन, एवढे देईन’. पायथन पहिल्यापासून दूर गेली. काही काळ तिने काहीच न लिहिता चालवून पाहिले आणि शेवटी दुसऱ्यापाशी आली. तिने लेखन नाकारले नाही, जन्मावरचा हक्क नाकारला. ‘जात’ या शब्दात जन्म आहे, धातूपासूनच आहे. संगणकातील टाइप आज जे झाले आहे त्यात वचन आहे. तेव्हा माझे उत्तर चुकले होते, हे मान्य करणे भाग आहे.

वत्सगुल्मच्या त्या ताम्रपटाची एक गोष्ट येथे सांगायची राहिली. त्यातील वंशावळ संस्कृतात आहे, आणि कोणते गाव कोणाला दिले, कोणत्या सवलतींसह दिले, हा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. कूळ सांगायला एक भाषा आणि वचन द्यायला दुसरी. जिच्यातून पुढे आपली मराठी आली, त्या लोकभाषेच्या कुळातली. रिठदच्या त्या मुलाने नकळत हीच वाट धरली. त्याची पुस्तिका पूर्ण झाली आहे. पहिल्या पानावर त्याने ‘प्रकार’ लिहिले आहे.

या जूनमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा मी फळ्यावर सवयीने ‘शब्दांच्या जा’ इतके लिहिले आणि थांबलो. पुसले. ‘शब्दांची कामे’ असे लिहिले. परीक्षेत प्रश्न जुन्याच शब्दांत येणार, हे मुलांना सांगितलेच. पण मुलांनी नवे शीर्षक वहीत उतरवून घेतले.